इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर चालू आहे, मग जुलाब का थांबत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची पत्नी ३४ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सीचं, म्हणजे सीव्हीआयडीचं निदान झालं. या आजारात शरीर पुरेशा अँटीबॉडी बनवत नाही. दर चार आठवड्यांनी शिरेतून २५ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या अँटीबॉडींचं औषध, घेते. पूर्वी वर्षाला दोन-तीनदा न्यूमोनिया व्हायचा, तो बंद झाला. पण गेल्या दीड वर्षात सहा वेळा जुलाब झाले. दर वेळी पाच दिवस मेट्रोनिडॅझोल, चौथ्या दिवशी आराम, आणि तीनेक आठवड्यांत ये रे माझ्या मागल्या. वजन ५८ किलोवरून ४९ वर आलं. या सगळ्यात शौचाची तपासणी एकदाच झाली, ती 'नॉर्मल' आली. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. तुम्ही विचारताय, इम्युनोग्लोब्युलिनचा डोस वाढवला तर हे थांबेल का?

बहुधा नाही. डोस कदाचित वाढवावाच लागेल, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्याकडे नंतर येतो.

बाटलीतल्या औषधात जवळजवळ सगळा भाग आयजीजी या एकाच प्रकारच्या अँटीबॉडीचा असतो. ती रक्तात फिरते, ऊतींमध्ये उतरते, फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचते. म्हणून न्यूमोनिया थांबले. आतड्याच्या पोकळीत पहारा असतो तो आयजीए या दुसऱ्या प्रकाराचा. आयजीए रक्तातून तिथे झिरपत नाही. आतड्याच्या अस्तराखालच्या प्लाझ्मा पेशी तो जागच्या जागी तयार करतात आणि अस्तराच्या पेशी तो उचलून आतल्या बाजूला सोडतात. निरोगी शरीर रोज जितका आयजीए बनवतं, तितकं बाकीच्या सगळ्या प्रकारांचं मिळून बनवत नाही. सीव्हीआयडीत या प्लाझ्मा पेशीच नसतात किंवा तुरळक असतात. बाहेरून कितीही आयजीजी ओतलं तरी ती जागा भरून निघत नाही. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाला त्वचेखाली गॅमाग्लोब्युलिन द्यायला सुरुवात केली आणि त्याचे वारंवार रक्तात शिरणारे न्यूमोकोकस जंतू थांबले. तेव्हापासून आजपर्यंत या उपचाराचं खरं बळ छाती आणि रक्त सांभाळण्यातच आहे. आतड्याला त्याचा आधार फार थोडा.

(केवळ आयजीए कमी असलेले बरेच लोक ठणठणीत असतात हेही खरं. त्यांच्यात आयजीएची जागा आयजीएम हा आणखी एक प्रकार घेतो. तुमच्या पत्नीकडे तीही सोय नाही.)

आता तुम्ही पाठवलेले आकडे पाहू. ट्रफ लेव्हल, म्हणजे पुढचा डोस देण्याआधी मोजलेलं आयजीजी, दीड वर्षापूर्वी ८१० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होतं. मग ७६०, मग ५९०, आणि आता ५२०. डोस तोच, २५ ग्रॅम. पण वजन ५८ होतं तेव्हा हा डोस किलोमागे साधारण ४३० मिलिग्रॅम पडत होता, आणि ४९ किलोला तोच ५१० पडतो. म्हणजे किलोच्या हिशेबाने डोस वाढला आणि रक्तातली पातळी मात्र घसरली. हे प्रोटीन कुठेतरी गळतंय. सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीनही २.९, म्हणजे कमी आहे, त्यामुळे माझा संशय थेट आतड्यावर जातो. खात्रीसाठी शौचातलं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन मोजता येतं. हे रक्तातलं प्रोटीन आतड्यात गळलं तर न पचता शौचात दिसतं. लघवीतलं प्रोटीनही एकदा पाहून घ्या, म्हणजे किडनीचा प्रश्न मिटेल. जुलाब किती वेळा झाले हे रुग्ण विसरतो, कमी सांगतो, कधी सवयीने त्याला ते आजार वाटेनासेच होतात. घसरणारी ट्रफ लेव्हल विसरत नाही. माझ्याकडच्या प्रत्येक रुग्णाला मी ती वहीत तारखेसह लिहायला सांगतो, शेजारी वजन.

म्हणजे डोस वाढवायचा तो ही गळती भरून काढण्यासाठी, नाहीतर वर्षभरात छातीची दुखणी परत सुरू होतील. दर आठवड्याला त्वचेखाली घेण्याच्या पद्धतीवर जाणं हाही चांगला पर्याय आहे. पातळी एकसारखी राहते, आणि गळती असलेल्या रुग्णांत हा फरक जाणवतो. पण गळती थांबवायची तर जुलाबाचं कारण सापडलं पाहिजे, आणि ते शोधायचा प्रयत्न अजून झालेलाच नाही. सहा वेळा औषध झालं, तपास एकदाच.

अँटीबॉडीची कमतरता आणि जुलाब म्हटल्यावर पहिलं नाव येतं जिआर्डियाचं. हा एकपेशीय परजीवी लहान आतड्याच्या वरच्या भागात अस्तराला चिकटून बसतो. रक्त पडत नाही, ताप येत नाही. पोट फुगतं, खूप गॅस होतो, घाण वासाचे ढेकर येतात, शौच फिकट, तेलकट आणि तरंगणारं होतं. जेवण पचत नाही, वजन उतरतं. तुम्ही केलेलं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. निरोगी माणसात तो अनेकदा आपोआप निघून जातो. इथे ठाण मांडून बसतो.

एका नमुन्यात तो सापडला नाही याला मी फारसा अर्थ देत नाही. जिआर्डियाच्या गाठी (सिस्ट, म्हणजे कवचातलं त्याचं रूप) शौचातून रोज सारख्या बाहेर पडत नाहीत. काही दिवस भरपूर, काही दिवस एकही नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे, आणि नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यावर न थांबता अँटिजेन (जंतूचं प्रथिन शोधणारी) किंवा पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी) तपासणी मागायची. नमुना औषध सुरू करण्याआधीचा हवा. यात फार गोंधळ होतो. रात्री त्रास सुरू झाला की घरात उरलेल्या गोळ्या चालू होतात आणि डबी तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाते. मी रुग्णांना दोन रिकाम्या डब्या आधीच देऊन ठेवतो. जुलाब सुरू झाले की पहिला नमुना डबीत, मग मला फोन, मग औषध.

रक्तातल्या अँटीबॉडीवर आधारलेली कुठलीही तपासणी तुमच्या पत्नीसाठी निरुपयोगी आहे, हे दारावर लिहून लावावं असं मला वाटतं. टायफॉइडची विडाल, हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जंतूची रक्ततपासणी, सीलिअॅकची (ग्लूटेनमुळे आतडं बिघडणाऱ्या आजाराची) टीटीजी, सगळ्याच. तिचं शरीर अँटीबॉडी बनवत नाही, म्हणून आजार असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. उलट इम्युनोग्लोब्युलिनमध्ये हजारो रक्तदात्यांच्या अँटीबॉडी असतात, म्हणून आजार नसताना अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. दोन्हीकडून फसगत. जंतू स्वतः, त्याचं प्रथिन किंवा त्याची जनुकं दाखवणारीच तपासणी हवी.

जिआर्डिया सापडला तर औषधं बरीच आहेत. मेट्रोनिडॅझोल पाच ते सात दिवस, टिनिडॅझोलचा २ ग्रॅमचा एकच डोस, निटाझोक्सानाइड तीन दिवस, अल्बेंडॅझोल पाच दिवस. एकाने काम झालं नाही तर तेच पुन्हा देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या गटातलं औषध द्यायचं, किंवा मेट्रोनिडॅझोल आणि अल्बेंडॅझोल एकत्र. त्यालाही दाद दिली नाही तर क्विनाक्रिन. अँटीबॉडी कमी असलेल्यांत मी कोर्स सहसा थोडा लांबवतो आणि संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा नमुना पाहतो. त्याआधी पीसीआर केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दिसू शकतात. मेट्रोनिडॅझोलचे सहा कोर्स झालेच आहेत, तर हातापायांना मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, हे तिला आज विचारा. या औषधाची एकूण मात्रा वाढत गेली की नसांना इजा होते. असं काही असेल तर सातवा कोर्स नको.

आणि एक सापळा. मेट्रोनिडॅझोलने चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणजे जिआर्डियाच होता, असं ठरत नाही. लहान आतड्यात एरवी थोडेच जिवाणू असतात. आयजीएचा पहारा नसला की त्यांची दाटी होते. तेव्हाही पोट फुगतं, जुलाब होतात, वजन उतरतं, आणि तेव्हाही मेट्रोनिडॅझोलने काही आठवडे आराम पडतो. थोडक्यात, औषधाला मिळालेल्या प्रतिसादावरून निदान करायला गेलो तर दोन वेगळे आजार एकच वाटतात. तीन नमुने स्वच्छ आले तर श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करून याचा विचार करावा. त्यात रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक वापरतात.

आता मुलगा. इथे माझीच एक चूक सांगतो. एका रुग्णाला मी दहा महिन्यांत तीनदा जिआर्डियाचे उपचार दिले. प्रत्येक वेळी नमुना स्वच्छ व्हायचा, दोन महिन्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह. औषधाला दाद न देणारा जंतू आहे असं समजून मी क्विनाक्रिनच्या खटपटीला लागलो होतो. शेवटी आमच्या नर्सने तिला सहज विचारलं, "ताई, घरी लंगोट कोण बदलतं?" तीच बदलायची. मूल पाळणाघरात जायचं, त्याला कसलाही त्रास नव्हता, आणि त्याच्या शौचात जिआर्डिया होता. म्हणजे जंतू औषधाला दाद देत होता. तो दर दोन महिन्यांनी घरातूनच परत येत होता. मुलावर आणि नवऱ्यावर एकाच वेळी उपचार केले आणि साखळी तुटली. तेव्हा घरातल्या सगळ्यांचे नमुने एकाच आठवड्यात द्या, मुलाला काही होत नसलं तरी. निदान पक्कं होईपर्यंत लंगोट तुम्ही बदला. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. जिआर्डियाच्या गाठी आणि नोरोव्हायरस (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) दोघेही अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसे जुमानत नाहीत. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे एवढ्यावर विसंबू नका, नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही या गाठी तग धरतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की काम होतं.

जिआर्डिया नसेल तर पुढे कोण? कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला या जिवाणूंत ताप असतो, मुरडा असतो, कधी रक्त. निरोगी माणसात कॅम्पायलोबॅक्टर आठवड्यात संपतो. इथे तो महिनोन्महिने रेंगाळतो, पुन्हा पुन्हा उठतो आणि कधी रक्तात शिरतो. जन्मजात अगॅमाग्लोब्युलिनेमियाच्या, म्हणजे जन्मापासून अँटीबॉडी जवळपास नसलेल्या, मुलांत तर त्याचे भाऊबंद पायावर लाल चट्टे आणि न भरणाऱ्या जखमा होऊन दिसतात. कुणाला वाटावं की याचा पोटाशी काय संबंध? कल्चर करून कुठलं औषध लागू पडतं ते बघावंच लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या फ्लुरोक्विनोलोनना कॅम्पायलोबॅक्टर आता बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, त्यामुळे सहसा अॅझिथ्रोमायसिन वापरतात, तेही नेहमीपेक्षा जास्त दिवस. छातीसाठी रोज किंवा आठवड्यातून तीनदा अॅझिथ्रोमायसिन आधीच चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण त्या अंमलाखाली टिकलेला जंतू त्याच औषधाने जाणार नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर त्यांची खरंच गरज आहे का तेही विचारा. पोटातलं ॲसिड ही या जंतूंच्या वाटेवरची पहिली चौकी आहे.

इतकी अँटिबायोटिक्स झाल्यावर क्लॉस्ट्रिडियम डिफिसीलची (अँटिबायोटिक्सनंतर आतड्यात माजणाऱ्या जिवाणूची) तपासणी यादीत हवीच, त्यावर जास्त लिहीत नाही.

नोरोव्हायरसवर मात्र थांबावं लागेल, कारण तो हमखास निसटतो. सगळ्यांना तो दोन-तीन दिवसांच्या उलट्या-जुलाबांचा पाहुणा म्हणून माहीत आहे. अँटीबॉडी नसलेल्या माणसात तो महिने, कधी वर्षं राहतो. आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक अंकुर झिजवून टाकतो, अन्न शोषलं जात नाही, आणि वजन असं उतरतं की सगळे कॅन्सर शोधायला लागतात. नेहमीच्या शौच तपासणीत तो दिसत नाही, पीसीआर मागावीच लागते. त्यावर खात्रीचं औषध आज नाही. निटाझोक्सानाइड आणि रायबाविरिन वापरून पाहिलं जातं, कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. मग नाव कळून काय फायदा? फायदा मोठा आहे. निरर्थक अँटिबायोटिक्स थांबतात, आणि नकळत स्टेरॉइड दिलं जाऊन विषाणूला मोकळं रान मिळत नाही.

यातलं काहीच सापडलं नाही तर जंतूंचा पाठलाग सोडायचा. सीव्हीआयडीत आतड्याला जंतूशिवायही सूज येते. प्रतिकारशक्ती इथे नुसती कमी नसते, ती भरकटलेलीही असते. अशा वेळी वरून आणि खालून, दोन्हीकडून एन्डोस्कोपी आणि बायोप्सी हवी. अस्तर डोळ्यांना चांगलं दिसलं तरी तुकडे घ्यायचेच.

बायोप्सीच्या अहवालाबद्दल एक सांगतो. पाठवताना फॉर्मवर 'सीव्हीआयडी' लिहिलं नसेल तर पॅथॉलॉजिस्टला अंकुर झिजलेले दिसतात आणि तो लिहितो, 'सीलिअॅकशी सुसंगत'. मग रुग्ण दोन वर्षं ग्लूटेन सोडून बसतो आणि वजन काही वाढत नाही. अशीच एक स्लाइड मी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून पुन्हा पाहिली होती. झिजलेले अंकुर होतेच. तो म्हणाला, "इथे काय आहे ते सोडा, काय नाही ते बघा." अस्तराखालच्या पट्ट्यात जिथे प्लाझ्मा पेशींची गर्दी असायला हवी, तिथे एकही नव्हती. सीलिअॅकमध्ये त्या उलट वाढलेल्या असतात. पहिल्या अहवालात त्याबद्दल एक शब्द नव्हता. तेव्हा फॉर्मवर निदान स्वतः लिहून घ्या आणि 'प्लाझ्मा पेशी आहेत का' हा प्रश्नही. सीलिअॅकची शंका उरलीच तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करा. दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळपास बाद होतो. ही तपासणी अँटीबॉडीवर अवलंबून नाही.

जंतू नाही आणि सूज आहे असं ठरलं तर ब्युडेसोनाइडसारखं आतड्यापुरतं काम करणारं स्टेरॉइड सहसा पहिलं. त्यापुढची औषधं प्रतिकारशक्ती आणखी दाबतात, आणि तो निर्णय इम्युनॉलॉजी आणि पोटविकार, दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यावा. माझा अनुभव असा की हे दोघे एकमेकांशी फोनवर बोलले की अर्धी गुंतागुंत तिथेच सुटते.

तोवर घरी काय? जुलाबात ओआरएस, घोट घोट पण सतत. दुधाने पोट फुगत असेल तर काही आठवडे दूध बंद ठेवून पाहा. जिआर्डिया गेल्यावरही लॅक्टोज पचवण्याची शक्ती परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळातले जुलाब पाहून आजार उलटला असं वाटतं. बी१२, फोलेट, लोह, झिंक, व्हिटॅमिन डी एकदा मोजून घ्या. बी१२ फार कमी असेल तर जठराच्या अस्तराचीही बायोप्सी घ्यायला सांगा. सीव्हीआयडीत जठराचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे हेलिकोबॅक्टर शौचातल्या अँटिजेनने किंवा श्वासाच्या तपासणीने शोधून काढून टाकणं चांगलं. प्रोबायोटिक्सबद्दल सगळेच विचारतात. मी ती सुरू करत नाही. या आजारात त्यांचा फायदा दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि शिरेत कायमची नळी असलेल्यांत यीस्टची प्रोबायोटिक्स रक्तात शिरू शकतात.

जुलाब चालू आहेत म्हणून इम्युनोग्लोब्युलिनची तारीख पुढे ढकलू नका. त्या दिवशी ताप असेल तर निघण्याआधी फोन करा. ताप, रक्त, थंडी वाजणं, उभं राहिल्यावर घेरी, लघवी फार कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा. जुलाब थोपवणारं लोपेरामाइड अशा वेळी अजिबात नको. ताप आणि रक्त नसलेल्या जुन्या जुलाबात, प्रवासापुरती एखादी गोळी चालेल.

आणि मुलाच्या लसींबद्दल. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो मुलाच्या शौचातून आठवडेच्या आठवडे बाहेर पडतो. तुमच्या पत्नीसारख्या माणसाच्या आतड्यात तो शिरला तर वर्षानुवर्षे राहून बदलत जाऊ शकतो. त्यामुळे पुढचा पोलिओचा डोस असेल तेव्हा, मुलाच्या आईला अँटीबॉडीची कमतरता आहे हे डॉक्टरांना आधी सांगा आणि इंजेक्शनची लस मागा. मुलाच्या बाकीच्या लसी अजिबात चुकवू नका, त्यांच्यामुळे घरात येणारे जंतू कमीच होतात. याआधी थेंब कधी दिले गेले ते मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर पाहा. त्या तारखा आणि जुलाबांच्या तारखा शेजारी शेजारी लिहून मला पाठवा. पत्नीच्या शौचातला एक नमुना एन्टेरोव्हायरससाठीही (पोलिओचा विषाणू याच गटातला) पाठवायचा का, ते त्यावरून ठरवू.